आपल्याच ठाण्यातली कादंबरी कशी वाचायची: आधी साल शोधा, मग गल्ली

परवा ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलला लेडीज डब्यात कादंबरी वाचत बसले होते, शेजारची मुलगी वाकून वाकून कव्हर बघत होती, शेवटी विचारलंच तिने, ताई कशावर आहे हो? म्हटलं ठाण्यावर आहे, चेंदणी, कोपरी, खाडीच्या बाजूचं सगळं. तर म्हणे, "ठाणं काय वाचायचं, ते तर रोज बघतोच की!" ऐरोली आली, ती उतरून गेली, आणि मी तुर्भ्यापर्यंत तेच वाक्य चघळत बसले, कारण सात-आठ वर्षांपूर्वी मी पण अगदी हेच म्हणायचे. कादंबरी म्हणजे कोकण, नाहीतर पुणं, नाहीतर विदर्भातलं कुठलं तरी गाव, आपल्या नौपाड्यात काय घडणार डोंबल. आणि ज्या दोन-तीन आपल्याकडच्या हाताला लागल्या त्या मी वाचल्याच नाहीत, तपासल्या, हातात लाल पेन नव्हतं एवढंच.

तर आपल्या ओळखीच्या जागेवरची कादंबरी वाचायची पण एक पद्धत असते, ती मला हळूहळू आणि बऱ्याच उशिरा कळली. ती लिहून ठेवतेय, कोणाला उपयोग झाला तर झाला.

पहिला प्रश्न, मिळवायच्या कुठून. ऑनलाइन दुकानात "ठाणे कादंबरी" टाकून बघा, गॅझेटियर येतील, स्पर्धा परीक्षेची गाइडं येतील, कादंबरी येणार नाही, कारण पुस्तकं लेखकाच्या आणि प्रकाशकाच्या नावाने लावलेली असतात, जागेच्या नावाने कोणीच लावत नाही. म्हणून लायब्ररी. आपल्याकडचं मराठी ग्रंथ संग्रहालय १ जून १८९३ ला सुरू झालंय, वि. ल. भावे यांनी काढलेलं, म्हणजे आपल्या शहरात महानगरपालिका यायच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी पुस्तकं आली होती, हे मला कायम भारी वाटतं. आता लायब्ररी कुठलीही असो, काउंटरवर जाऊन "काहीतरी छान द्या" असं म्हणू नका, त्यांना दिवसातून चाळीस लोक तेच म्हणतात. असं विचारा की ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणारे कोण कोण लिहितात, आणि त्यातलं कोणाचं इकडचंच आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत बरं का. ठाण्यात राहणारा लेखक आयुष्यभर सावंतवाडीवर लिहीत असेल, आणि ठाण्यावर लिहिणारा पंधरा वर्षांपूर्वी पुण्याला गेला असेल. काउंटरवरच्या जुन्या माणसांना हे तोंडपाठ असतं, कॉम्प्युटरला नसतं.

दुसरी जागा म्हणजे दिवाळी अंक. ही परंपरा १९०९ ची, का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'पासूनची, आणि कितीतरी लेखकांची कादंबरी आधी लघुकादंबरी म्हणून अंकात येते आणि मग वाढून पुस्तक होते. गावातल्या मंडळांचे, वाचनालयांचे छोटे अंक असतात ना, जाहिराती जास्त आणि मजकूर कमी दिसतो म्हणून आपण बाजूला सारतो ते, त्यात इकडचे लेखक सापडतात. लेखक परिचयाच्या दोन ओळी वाचायच्या, "वास्तव्य: कळवा" असं दिसलं की थांबायचं. आणि एक खजिना कोणी उघडून बघत नाही तो म्हणजे साहित्य संमेलनांच्या स्मरणिका. अखिल भारतीय संमेलन ठाण्यात १९६० ला झालं, १९८८ ला झालं, २०१० ला झालं, डोंबिवलीला २०१७ ला झालं. अशा स्मरणिकेत अध्यक्षांच्या फोटोनंतर चार-पाच कंटाळवाणी पानं उलटली की स्थानिक लिहिणाऱ्यांवर एखादा लेख असतो, त्यातली नावं वहीत उतरवा आणि थेट लायब्ररीत जा.

पुस्तक मिळालं. आता मुख्य मुद्दा, आणि माझं म्हणणं सगळं इथेच आहे: आधी साल शोधा.

म्हणजे काय, तर कादंबरीतलं ठाणे हे तुमचं ठाणे नसतं, ते कुठल्या तरी एका सालचं ठाणे असतं. पुस्तकाच्या सुरुवातीला पहिल्या आवृत्तीचं साल छापलेलं असतं, ते नव्हे. पुस्तक २०१५ ला छापलेलं असेल आणि आतली गोष्ट १९७८ ची असेल. लेखक बऱ्याचदा साल सरळ सांगत नाही, चांगला असेल तर सांगणारच नाही, पण आपण इथलेच आहोत ना, आपल्याला खुणा कळतात, आणि इथेच आपण कोल्हापूरच्या वाचकाच्या पुढे जातो. त्याला जे नुसतं वर्णन वाटतं ते आपल्याला कॅलेंडर वाटतं.

उदाहरणं देते. कादंबरीत ठाण्याचा नगराध्यक्ष आला तर गोष्ट १९८२ च्या आधीची, कारण त्या वर्षी १ ऑक्टोबरला महानगरपालिका झाली, मग महापौर. (आपले जनकवी पी. सावळाराम नगराध्यक्ष होते ठाण्याचे, किती जणांना माहितीये? गाणी सगळ्यांना पाठ.) कोणी टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेच्या बसची, वाट बघत शिव्या घालतंय म्हणजे १९८९ च्या पुढे, त्याआधी टीएमटीच नव्हती. नवी मुंबईत तर हा खेळ अजून सोपा, कारण ते शहरच तारखांनी बांधलंय. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, १९७० ला आली. वाशीचा खाडीपूल सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाला, पण लोकल वाशीला पोचली १९९२ ला, म्हणजे मधली वीस वर्षं वाशीचा माणूस बसने खाडी ओलांडत होता. त्या वीस वर्षांत घडणाऱ्या कादंबरीतली बायको संध्याकाळी खिडकीत उभी राहून बसची वाट बघत असेल, तर ती वाट किती लांबीची आहे हे त्या एका गोष्टीवरून कळतं. आणि ठाण्याहून तुर्भ्याला, वाशीला ट्रेनने जाणारं पात्र दिसलं तर २००४ च्या नोव्हेंबरनंतरचं. दिघा गावला उतरलं तर २०२४. छोट्या गाडीतून मुंबईच्या वेशीवर आनंदनगर नाक्याला टोल भरतंय तर २०२४ च्या ऑक्टोबरच्या आधीचं, तेव्हापासून छोट्या गाड्यांना माफ झालाय.

माझी सगळ्यात आवडती खूण पारसिकचा बोगदा. १९१६ चा बोगदा, आपल्या पिढीने फास्ट लोकलमधून त्याच्यातून जाताना कधी ना कधी ओरडून घेतलेलंय, कॉलेजची पोरं तर हमखास. तो अंधार, डब्यातला आवाज अचानक वाढणं, खिडकीतून येणारा गार ओला वारा, हे सगळं ज्या कादंबरीत येतं ती २०२२ च्या आधीची, कारण ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाल्यावर फास्ट लोकल बोगद्यातून जायच्या बंद झाल्या. आज बारावीत असलेल्या डोंबिवलीच्या पोरीला काही वर्षांनी तो प्रसंग वाचताना बोगदा म्हणजे काहीतरी लांबची गोष्ट वाटेल, आणि आपल्याला पोटात खड्डा पडेल. एकच पान.

अजून एक गोष्ट जुन्या पुस्तकांच्या बाबतीत. "ठाणे जिल्हा" म्हटलं की आज आपल्याला वेगळा नकाशा दिसतो. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्याआधी डहाणू, तलासरी, जव्हार, वसई सगळं ठाणे जिल्हाच. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' आलं १९७० ला, साहित्य अकादमी मिळाली १९७२ ला, ती कादंबरी नाही, वारल्यांच्या लढ्याची त्यांनी स्वतः सांगितलेली हकीकत आहे, पण ते ठाणे जिल्ह्यातलं पुस्तक आहे हे वाचताना लक्षात ठेवलं नाही तर आपण म्हणणार, छे, हे तर पालघर, आपलं नाही. ज्या कलेक्टर कचेरीवरून आपण रोज रिक्षाने जातो त्या कचेरीचा आणि त्या पाड्यांचा संबंध होता. नावांचा घोळ पण होतो. माहीम मुंबईतलं आणि माहीम केळव्याजवळचं. मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' १९६९ ची, ती मुंबईच्या खाडीकाठच्या झोपडपट्टीची, पण आमच्या ओळखीतल्या एका काकू केळवे-माहीमच्या, त्या मोठ्या आशेने घेऊन बसल्या होत्या आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत नारळी-पोफळी येतील म्हणून थांबल्या होत्या बिचाऱ्या.

तर साल सापडलं की पहिल्या पानावर पेन्सिलीने बारीक लिहून ठेवायचं, पुस्तक आपलं असेल तर. लायब्ररीचं असेल तर नको. (याबद्दल शेवटी सांगते, माझंच तोंड वर करायची सोय राहिलेली नाही.)

आता चुका काढणं. हा आजार आहे आणि मला तो जबरदस्त होता. तर झालं असं की एका कादंबरीत, नाव मुद्दाम लिहीत नाही, नायक स्टेशनवरून निघून चेंदणीतून खाडीकडे जातो आणि वाटेत पिठाच्या गिरणीपाशी उजवीकडे वळतो. मी तिथे लहानपणापासून फिरलेय, तिथे असं वळण नाही. झालं, माझं डोकं फिरलं. पुढची चाळीस पानं मी नायकाच्या बहिणीचं लग्न मोडतंय तिकडे लक्ष न देता त्या वळणाचा हिशोब लावत बसले, शेवटी पुस्तक आपटलं आणि घरी जाहीर केलं की या माणसाला ठाणं माहीतच नाही, घरात बसून लिहिलंय. आमचे सासरे, आम्ही अण्णा म्हणतो त्यांना, चेंदणीतच वाढलेले, पेपर सोडून काही न वाचणारे. ते शांतपणे म्हणाले, वाच बघू काय लिहिलंय. वाचलं. तर म्हणतात, "होतं की वळण. मधली भिंत नंतर झाली." मग थोडं थांबून, "पण गिरणी डावीकडे होती."

म्हणजे मी ज्याला चूक म्हणत होते ते बरोबर होतं आणि ज्याच्याकडे माझं लक्षही नव्हतं ते चुकलेलं. तेव्हापासून नियम केलाय: पहिली पन्नास पानं मोबाइलला हात लावायचा नाही, नकाशा उघडायचा नाही, लेखक म्हणेल ती गल्ली, लेखक म्हणेल ते वळण. पन्नास पानांनंतर सुद्धा काही खटकलंच तर आधी स्वतःला विचारायचं की मी कुठल्या सालात उभी आहे आणि हा माणूस कुठल्या सालात उभा आहे. दहापैकी सात वेळा भांडण तिथेच मिटतं. उरलेल्या तीन वेळा लेखक खरंच चुकलेला असतो, आणि त्यातही कधीकधी मुद्दाम, कारण त्याला सूर्यास्त हवा असतो आणि त्या बाजूला पश्चिम नसते, तर तो तलाव थोडासा फिरवून घेतो. फिरवू द्या. मासुंदा तलाव काही त्याने आपल्या घरी नेलेला नाही.

मात्र एक चूक मी अजूनही माफ करत नाही, ती म्हणजे नायकाने ठाण्याच्या मामलेदार मिसळवाल्याकडे तिखट मिसळ खाल्ली आणि त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. अशा लेखकाचं पुढचं काहीच खरं मानू नका.

याच्या उलट पण एक आजार आहे, आपल्या गावचं म्हणून सगळं गोड मानायचं. पानापानावर तलावपाळी, राम मारुती रोड, कोपिनेश्वर, गडकरी रंगायतन, उपवन अशी नावं पडली की आपण खूष, अरे आपलं आलं, अरे हे पण आलं. मी पण व्हायचे. पण नावं म्हणजे जागा नाही ना. १८५३ च्या पहिल्या गाडीचा उल्लेख जो तो कुठेतरी घुसवतोच, १६ एप्रिल, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, झालं, ठाण्याचा इतिहास आला. मी काय करते, सगळी नावं मनातल्या मनात बदलून बघते. तलावपाळीच्या जागी सारसबाग, गोखले रोडच्या जागी लक्ष्मी रोड. कादंबरी तशीच्या तशी चालली तर समजायचं की ठाणं नुसतं पडद्यावर रंगवलंय. पण वंदना एसटी स्टँडपाशी पाणी भरलंय म्हणून नायिका एक तास तिथल्या शेडखाली अडकते, आणि त्या एका तासात तिला जो माणूस भेटायला नको तो भेटतो, तर मग ते पाणी गोष्टीचं पाणी आहे, ते लक्ष्मी रोडवर नेता येत नाही.

वासाने पण कळतं. नाकाने लिहिणारे लेखक कमी असतात. ओहोटीला ऐरोलीच्या आसपास खाडीचा जो वास येतो, किंवा तुर्भ्याला मसाला मार्केटच्या बाजूला मिरचीने नाक चुरचुरतं आणि नवीन माणूस शिंकायला लागतो, हे ज्याने लिहिलं त्याने तिथे दिवस काढलेत. मी असं काही सापडलं की पान दुमडते. (परत तेच, लायब्ररीचं असेल तर नको.)

आता भाषा, आणि इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे कारण सगळ्यात जास्त मजा मला इथे आली आणि ती मला एका बाईंमुळे मिळाली. नवी मुंबई म्हणजे सेक्टर आणि पाम बीच रोड असं आपल्याला वाटतं, पण ते शहर ९५ गावांच्या जमिनीवर उभं आहे, आगरी-कोळी लोकांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर. त्या बाजूच्या कादंबऱ्यांत संवाद आगरीत असतात आणि आपण शहरी वाचक काय करतो, अंदाजाने अर्थ लावतो आणि पुढे सरकतो. मी पण तेच करायचे. तर एकदा डब्यात मी अशीच एक वाचत होते आणि समोर घणसोली गावातल्या एक मावशी बसल्या होत्या, साठीच्या, मांडीवर मासळीची रिकामी टोपली. मला एक ओळ अडली होती, तिच्यात 'होरी' असा शब्द होता, मी होळी समजून बसले होते आणि मला कळेना की पावसाळ्यात होळी कशी. धीर करून विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, "होरी म्हंजे होरी, पान्यान जाते ती." होडी! त्यांच्याकडे ड चा र होतो, घोड्याचा घोरा, ळ चा ल होतो, ण चा न, मला म्हणायचं तिथे मना. एवढं कळलं आणि अख्खं पान उघडलं.

मग त्या म्हणाल्या, वाच मोठ्यानं. मी वाचायला लागले आणि दोन ओळींत त्यांनी थांबवलं, माझा उच्चार ऐकवेना त्यांना. पुस्तक त्यांना वाचता येत नव्हतं, चष्मा नव्हता की अक्षर बारीक होतं की काय मी विचारलं नाही, पण मी शब्द सांगायचा आणि त्यांनी तो नीट म्हणून दाखवायचा असं आमचं रबाळ्यापर्यंत चाललं. कादंबरीतल्या म्हातारीचं एक वाक्य मी वाचताना रडकं वाटत होतं, त्यांनी म्हटलं तर ते भांडणाचं निघालं. म्हातारी सुनेला झापत होती, मी तिला उगीच दीड पान बिचारी समजत होते.

तर कृती अशी की आगरी, मालवणी, वाडवळी, जे काही असेल ते डोळ्यांनी वाचू नका, तोंडाने वाचा. दार लावून घ्या आणि वाचा. आणि ज्याच्या घरात ती भाषा आहे असा कोणी ऑफिसात असेल, आपल्याकडे असतोच, तर डब्याच्या वेळी त्याला एक पान वाचायला द्या, फक्त चेष्टेने देऊ नका, लगेच कळतं.

याच कादंबऱ्यांसाठी काही शब्द आधीपासून माहीत हवेत, नाहीतर भांडण कशावरून चाललंय तेच कळत नाही. प्रकल्पग्रस्त म्हणजे ज्यांची जमीन सिडकोने घेतली ते. साडेबारा टक्के म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायची योजना, आणि त्याच्यावरून भाऊ-भाऊ, बहीण-भाऊ, वकील, बिल्डर असा सगळा खेळ. गावठाण म्हणजे मूळ गावाची हद्द, तिच्या बाहेरचं घर अनधिकृत की अधिकृत हा वाद पिढ्यानपिढ्या. आणि जानेवारी १९८४. जासई आणि दास्तान फाट्याला दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, ५ जण गेले. कादंबरीत कोणी म्हातारा नुसतं "चौऱ्याऐंशीला" एवढंच म्हणून गप्प बसला तर तो त्याबद्दल बोलतोय, इंदिरा गांधींबद्दल नाही. हे मला आधी माहीत नव्हतं आणि मी एक आख्खं पात्र चुकीचं वाचलं होतं.

वाशीच्या जुन्या लोकांसाठी वेगळे शब्द आहेत, जेएन-वन, जेएन-टू, म्हणजे सिडकोच्या बिल्डिंगींचे टाइप. एखादं पात्र "जेएन-टूला राहतात ते" असं म्हणतं तेव्हा पगार, टाइल्स, गळका स्लॅब, सगळं त्या चार अक्षरांत आलं.

यावरूनच पुढचं. आपल्या जागेवरच्या कादंबरीत काय आहे हे बघून झालं की काय नाहीये तेही बघा, हे फक्त आपल्यालाच दिसू शकतं. नौपाड्यातला वाडा, अंगण, पारिजातक, आजोबा, सगळं सुंदर, पण त्या वाड्यात सकाळी धुण्याभांड्याला येणारी बाई कुठून चालत येत होती? वागळे इस्टेटमध्ये तेव्हा तीन पाळ्या चालायच्या, त्यांचा भोंगा त्या अंगणात ऐकू येत नव्हता का? तसंच फ्लॅटमधून लिहिलेल्या नवी मुंबईत फ्लेमिंगो असतात आणि गाव नसतं. मी तक्रार म्हणून म्हणत नाहीये, लेखकाने सगळंच लिहावं असं नाही. पण मग जोडीने वाचायचं. एक वाड्यातली, एक चाळीतली. एक सेक्टरमधली, एक गावठाणातली. पाठोपाठ वाचली की एकाच रस्त्याच्या दोन बाजू दिसतात, आणि कधीकधी एका कादंबरीतलं मुख्य पात्र दुसरीत नुसतं रस्ता क्रॉस करून जातं असं वाटतं.

हा कोणावरून घेतलाय, तो कोणावरून, हे मात्र शक्यतो टाळा. गावातली कादंबरी म्हटलं की लोकांना एवढंच हवं असतं, अरे हा तर आपला अमुक नगरसेवक, ही तर तमुकांची सून. पहिल्या पानावर "सर्व पात्रे काल्पनिक" लिहिलेलं असतं ते कोणी वाचत नाही. एकदा का मनात खऱ्या माणसाचा चेहरा बसला की ते पात्र संपलं, ते पुढे काहीही करो, आपल्याला तोच माणूस दुकानात कोथिंबीर घेताना दिसतो. मला एका मैत्रिणीने असं एक पात्र फोडून सांगितलं आणि माझी ती कादंबरी कायमची गेली.

वाचून झालं की एक चक्कर मारायची, फक्त एक, आणि एकटीने. सकाळी साडेसहाला, दुकानं उघडायच्या आत, तेव्हा जुनं ठाणं थोडं वर येतं. जांभळी नाक्यावरून कोपिनेश्वराकडे, मग तलावाला वळसा, किंवा ईस्टला मीठबंदर रोडने खाडीपर्यंत. पुस्तक सोबत न्यायचं पण उघडायचं नाही. फोटो काढत बसायचं नाही. आठवेल तेवढंच आठवेल, आणि गंमत म्हणजे जे आठवतं ते बऱ्याचदा कादंबरीत नसतंच, आपलं आपणच घातलेलं असतं, ते घरी येऊन तपासलं की कळतं. अंतर मोजायला पाय चांगले. कादंबरीत ती दोघं स्टेशनपासून तलावापर्यंत भांडत जातात आणि तलावाशी पोचेपर्यंत भांडण संपतं, मी चालून बघितलं, साधारण तेवढंच भांडण बसतं.

लेखक भेटले तर? आपल्याकडचे लेखक भेटतात, हीच तर सोय आहे, वाचनालयाच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसलेले असतात, चहाच्या वेळी एकटे उभे असतात. हे खरंच घडलं होतं का, असं विचारू नका, त्यांना शंभर वेळा विचारलेलं असतं. त्यापेक्षा एखादी बारीक जागा विचारा. तो रस्ता तुम्ही तिथे का संपवलात? अशा प्रश्नाला माणूस खुलतो. आणि पुस्तक आवडलं असेल तर एक प्रत विकत घ्या हो. आपण घेतली नाही तर अशा पुस्तकाची दुसरी आवृत्ती कोण काढणार, कोल्हापूरचा वाचक?

चार जण मिळून वाचायचं असेल तर वयं वेगळी ठेवा. आम्ही पाच जणी आहोत, सगळ्या चाळीस-पंचेचाळीसच्या, आणि आमचं सगळ्यांचं ठाणं एकाच सालचं आहे, त्यामुळे चर्चा म्हणजे नुसती आठवणींची भेळ होते, अगं ते दुकान आठवतं का, अगं तो कुल्फीवाला. कादंबरी राहते बाजूला. म्हणून आता एक ऐंशीच्या पुढचा आणि एक पंचवीसच्या आतला असा नियम करायचा चाललंय. पंचवीसच्या आतली म्हणून त्या ऐरोलीवालीला विचारणार आहे, परत भेटली तर.

ऐंशीच्या पुढचे म्हणजे अण्णा. ते वळणाचं झाल्यावर मी त्यांना ती कादंबरी दिली, म्हटलं बघा तुम्हीच. महिनाभर टीव्हीशेजारी पडून होती, मला वाटलं हात पण लावला नसेल. परवा परत करायची म्हणून उघडली तर जागोजागी पेन्सिल. लायब्ररीचं पुस्तक! समासात बारीक अक्षरात, जुन्या वळणाचं लेखन: "हे खरे." "येथे विहीर होती." "असे कोणी बोलत नसे." ११२ पानावर गिरणीच्या ओळीखाली दोन रेघा आणि "डावीकडे." शेवटच्या प्रकरणात, जिथे नायक घर विकून जातो, तिथे काहीच लिहिलेलं नाही, नुसता एक ठिपका आहे, पेन्सिल टेकवून मग उचलल्यासारखा.

खोडरबर घेऊन बसले होते. तीन पानं खोडली, मग थांबले, एक जुनी वही काढली आणि पान नंबर टाकून सगळं उतरवून घ्यायला लागले. अर्धंच झालंय. आज लंच टाइममध्ये लायब्ररीत फोन करून पुस्तक रिन्यू केलंय, पेन्सिलीचं अजून सांगितलेलं नाही.